रिव्हर्टचं घराणं

आमच्या घरात इंग्रजी आली ती कुणी बोलावली म्हणून नाही. श्रावणातल्या एका शुक्रवारी ती सरकारी लखोट्यात बसून आली, आणि माझा सगळा पुरणाचा स्वयंपाक तसाच राहिला.

सन सत्तावन्न. आम्ही तुळजापुरात राहत होतो. आमचे हे, म्हणजे नारायणराव, तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. आदल्याच वर्षी हैदराबाद राज्य मोडलं, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि कचेरीत इंग्रजीतून हुकूम यायला लागले. ह्यांनी अठ्ठावीस वर्षं दफ्तर चालवलं ते उर्दूत. उर्दू अशी की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी. इंग्रजीत फक्त सही यायची, आणि तीही चित्र काढल्यासारखी.

त्या दिवशी हे आले, टोपी न काढता पाटावर बसले आणि लखोटा खुंटीवरच्या पिशवीत कोंबला. जेवण नाही, बोलणं नाही. आमची एकुलती एक प्रेमला तेव्हा नववीत होती. तिनं गुपचूप कागद काढला, दोनदा वाचला आणि माझ्याकडं आली.

"आई, नानांना इंग्रजीची परीक्षा द्यायला सांगितलीय. वर्षअखेरपर्यंत पास झाले नाहीत तर त्यांना रिव्हर्ट करणार."

"म्हणजे काय करणार? मारणार का?"

"शब्दकोशात बघून सांगते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती तोंड पाडूनच. "रिव्हर्ट म्हणजे परत जाणं. पहिल्या जागेवर, पहिल्या अवस्थेला. आई, आपण परत ईटकडं जाणार."

बढतीच्या आधी हे ईटच्या बाजूला सर्कलच्या कचेरीत साधे कारकून होते. गाव चांगलं, माणसं चांगली, पण आम्ही होतो तिथं सातवीपुढं शाळा नव्हती. सातवी झाली तेव्हाच ह्यांची बढती झाली म्हणून पोरगी तुळजापूरच्या हायस्कुलात तरी आली. आता ती अकरावीची मॅट्रिक होणार, मास्तरीण होणार, असं मी मनात मांडून ठेवलेलं.

ह्यांचे थोरले भाऊ अण्णा शेजारच्याच घरात राहायचे. घराण्याची उपाध्येपणाची वृत्ती तेच सांभाळायचे. त्यांना कळलं तर म्हणाले, "बरं झालं. चौदा वर्षांची घोडी झाली. परंड्याचं एक स्थळ माझ्या बघण्यात आहे. ईटला जाताजाता उरकून टाकू."

उरकून टाकू! जणू भांडी घासायची राहिली होती. मी थोरल्या दिरापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या दिवशीही उघडलं नाही. पण रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. कारण माझी स्वतःची शाळा अशीच सुटली होती. मी बार्शीला चौथीत होते. माझ्या वडलांना मुगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, परंड्याच्या एका वकिलाकडं काम मिळालं आणि अर्ध्या वर्षात आम्ही गाडीत सामान घालून निघालो. तिथं तेव्हा मुलींना शाळा नव्हती. चौथीचं पुस्तक मी सोबत आणलं, ते माझ्या लग्नाच्या ट्रंकेत तळाशी होतं. शेवटचे पाच धडे राहिले ते राहिलेच. जे माझं झालं ते माझ्या पोरीचं होऊ द्यायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

पण करायचं काय? हे पुस्तकाला हात लावतील तर शपथ. "अठ्ठावीस वर्षं इज्जतीनं नोकरी केली. आता ह्या वयात ए फॉर ॲपल म्हणू?" असं म्हणायचे आणि पानाचा डबा पुढं ओढायचे.

भाद्रपदात एकदा मी माळवदावर सांडगे वाळत घालायला गेले. बघते तर कोपऱ्यात हे बसलेले, हातात उर्दू अखबार, आणि अखबाराच्या आत लपवलेलं प्रेमलाचं इंग्रजीचं पहिलं पुस्तक! मला एवढं हसू आलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. पुस्तक मागच्या बाजूनं उघडलेलं होतं. उर्दूची सवय; तिकडं पुस्तक उजवीकडून सुरू होतं ना. शेवटचा धडा पहिला समजून बिचारे झटापट करत होते.

"अहो, ते पुढून सुरू होतं," मी म्हणाले.

गोरेमोरे झाले. पुस्तक अखबारात गुंडाळलं. "हवा खायला आलो होतो."

"पोरीला विचारा की. घरात गंगा आणि तुम्ही कोरडे."

"बापानं पोरीपुढं पाटी घेऊन बसायचं? अनसूये, एक वेळ ईटला जाईन."

जाल हो, तुम्ही जाल! जायचं तिला आहे, परंड्याला. हे मी बोलले नाही. जिना उतरताना मनात बोलले. आणि शेवटच्या पायरीवर मला एक युक्ती सुचली.

त्या संध्याकाळी हे सोप्यात पान लावत बसले होते. स्वयंपाकघर आणि सोपा ह्यांच्यामध्ये एक भिंत, तिच्यात कोनाड्याएवढी खिडकी. मी चुलीपुढं बसून मोठ्यानं म्हणाले, "प्रेमे, मला इंग्रजी शिकव."

पोरगी बघतच राहिली. मी डोळा घातला. हुशार माझी बाय. लगेच कळलं तिला. "बरं," म्हणाली, तीही मोठ्यानंच. "चल, पहिला शब्द. नॉट. एन, ओ, टी. नॉट म्हणजे नाही."

"नाही? पहिलाच शब्द नाही? असली कसली अपशकुनी भाषा!"

सोप्यात अडकित्त्याचा आवाज थांबला.

मग रोजचं सुरू झालं. मी भाकऱ्या थापायची, प्रेमला चुलीच्या राखेत बोटानं अक्षरं काढायची. मी मुद्दाम चुकायची. चुकलं की सोप्यातून खाकरण्याचा आवाज यायचा. आठ दिवसांनी खाकरण्याच्या जागी "हं! पुन्हा म्हण" असं यायला लागलं. कुणी कुणाकडं बघायचं नाही, भिंत मध्ये होतीच. बापाची इज्जतही राहिली आणि पोरीची शिकवणीही. पण खरं सांगते, महिनाभरात माझं मुद्दाम चुकणं कमी झालं. मला ते यायलाच लागलं होतं, आणि आवडायलाही.

तरी शब्द काही ह्यांच्या डोक्यात टिकेनात. आज पाठ, उद्या सपाट. उर्दू शब्दाला ह्यांच्या मनात घर होतं, इंग्रजी शब्द नुसता पाहुणा. पाणी प्यायला की चालला. घटस्थापना झाली, दसरा झाला, देवी सिंहासनावरून पलंगावर निजायला गेली, आणि हे म्हणाले, "माझ्यानं व्हायचं नाही. मूळ जागेवर जाणं नशिबात आहे."

"देवी पलंगावर गेली म्हणून तिथंच राहते का?" मी म्हणाले. "पुनवेला परत सिंहासनावर येतेच ना? मग परत जाण्याची एवढी काय धास्ती घेता? आणि पुनवेपर्यंत निदान हातपाय तरी हलवा."

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी प्रेमलानं वसंतराव मास्तरांकडून त्यांचा जाडजूड कोश सुट्टीपुरता मागून आणला. वसंतराव तिला शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्या कोशात शब्दाचा नुसता अर्थ नव्हता, तो कुठून आला तेही दिलेलं होतं. मी पडवळाची भाजी परतत होते. म्हणाले, "प्रेमे, आपल्या मुळावर आलेला तो शब्द बघ बरं. त्याचे आईबाप कोण ते तरी कळू दे."

प्रेमला वाचायला लागली. "रिव्हर्ट. लॅटिन भाषेतून आला. री म्हणजे मागं. आणि व्हर्ट, मूळ शब्द व्हर्तेरे, म्हणजे वळणं, फिरणं. मागं फिरणं."

सोप्यात काहीतरी धाडकन पडलं. हे पायात कचेरीचे जोडे तसेच घेऊन थेट स्वयंपाकघरात! "काय म्हणालीस? व्हर्तेरे? फिरणं? अगं, वृत्! वर्तते वर्तेते वर्तन्ते! लहानपणी वडलांनी कान पिळून पाठ करून घेतलाय. वर्तते म्हणजे फिरतो, परिवर्तते म्हणजे उलट फिरतो..." ते माझ्या कढईकडं बघत थांबले. "परिवर्तते. परतते. अनसूये, तू आत्ता काय करतेयस?"

"भाजी परततेय. आणि तुम्ही चुलीपर्यंत जोडे आणलेत."

"भाजी परतते! तेच ते! तो इंग्रजांचा व्हर्ट आणि तुझं हे परतणं एका घराण्यातलं आहे!"

भाजी करपली. करपू दे म्हटलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ह्यांना मी असं नाचताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वसंतराव मास्तरांना विचारून आले. ते म्हणाले, "सख्खे भाऊ नव्हेत रावसाहेब, पण चुलत आहेत. पंडित लोक तसंच मानतात."

झालं! त्याच दिवशी हे अण्णांच्या घरी गेले आणि एक कोरी वही घेऊन आले. वही म्हणजे शाळेची नव्हे. आमच्याकडं देवीला येणाऱ्या घराण्यांची नोंद ठेवतात ती. लांबट, लाल कापडाची, वर उचलून उघडायची. यात्रेकरू आला की अण्णा त्याचं नाव विचारत नाहीत. आधी गाव, मग आडनाव. घराणं सापडलं की आजा, पणजा, चुलते, सगळे एका पानावर भेटतात. "माणूस विसरतो, घराणं विसरत नाही," असं अण्णा म्हणायचे. हे लहानपणी वडलांच्या हाताखाली त्या वह्या लिहीतच मोठे झालेले.

आता त्याच रीतीनं इंग्रजी शब्दांची वही सुरू झाली. पहिल्या पानावर घराणं व्हर्ट, मूळ गाव लॅटिन, अर्थ फिरणं. खाली मुलंबाळं: रिव्हर्ट मागं फिरला, डायव्हर्ट वाट सोडून फिरला, कन्व्हर्ट रूप पालटून फिरला. दुसऱ्या पानावर मिट घराणं, पाठवणारे लोक: सबमिट, परमिट, ॲडमिट. "अरे, हे तर सगळे रोज कचेरीत भेटतात!" हे म्हणायचे. सोपा आणि स्वयंपाकघर ह्यांच्यातली भिंत कधी गळून पडली कळलंही नाही. प्रेमला कोशातून वाचायची, हे लिहायचे, आणि मी चुलीपुढून विचारायची, "ह्याचा भाऊ कोण?"

एक दिवस अण्णा आले. वही बघून आधी भडकले. "नारायणा, देवीच्या वहीत म्लेंच्छ शब्द?" पण वंशावळ म्हटली की त्यांचा जीव राहत नाही. चष्मा लावला, व्हर्टचं पान वाचलं आणि म्हणाले, "ह्या घराण्यात सगळे फिरस्तेच दिसतात. घर धरून बसलेला एकही नाही?" आम्ही तिघं हसलो. अण्णाही हसले. जाताना मात्र म्हणालेच, "परंड्याचे लोक माघात बघायला येतील. परीक्षा झाली नाही तर मला दोष देऊ नका."

मार्गशीर्षात उस्मानाबादला परीक्षा होती. मी दह्याची कवडी हातावर ठेवली. "येतो," म्हणाले आणि मोटारीनं गेले. दिवसभर मी काय केलं देवीला ठाऊक. मीठ दोनदा घातलं एवढं आठवतंय.

संध्याकाळी परत आले ते पांढरेफटक पडलेले. पाणीसुद्धा घेईनात. शेवटी बोलले. "प्रश्न यायला लागले गं. बघूनच आनंद झाला, आणि त्या आनंदात भराभर लिहीत सुटलो. दोन पानं लिहून झाल्यावर बघतो तर उत्तरांची वही मी मागच्या बाजूनं उघडली होती. शेवटच्या पानावरून पुढं पुढं. आधीची पानं सगळी कोरी."

"मग पुन्हा लिहायचं!"

"वेळ कुठं होता? तसंच पुरं केलं. आणि पहिल्या कोऱ्या पानावर साहेबाला इंग्रजीतच चार ओळी लिहिल्या."

"काय लिहिलं नाना?" प्रेमलानं विचारलं.

"लिहिलं, साहेब, कृपा करून वही उलटी करावी. उत्तरं मागून सुरू होतात. अठ्ठावीस वर्षं हा हात उर्दू लिहीत आला. घाईत तो जुन्या सवयीवर रिव्हर्ट झाला."

प्रेमलानं ते वाक्य मनातल्या मनात तपासलं. मग हळूच म्हणाली, "नाना, बरोबर वापरलात. हे वाक्य मी शिकवलेलं नाही." ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण आमचा कुणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता. उलटी वही बघून साहेबानं फेकून दिली तर? चार महिने राबायचं आणि फळ काय, तर पान चुकलं म्हणून पोरीची शाळा जायची?

पंधरा दिवस असेच गेले. वर्ष संपायला चार दिवस राहिले. परंड्याच्या लोकांचा निरोपही आला होता.

त्या दिवशी दुपारी हे कचेरीत, प्रेमला शाळेत, मी एकटी घरी. पोस्टमन लखोटा देऊन गेला. तसाच लांबट, तसाच शिक्क्याचा. मी तो देवापुढं ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि लांब जाऊन बसले. दोन घटका बसले. मग वाटलं, अनसूये, राखेत एवढी अक्षरं काढलीस ती कशासाठी? उठले आणि लखोटा फोडला.

बोट ठेवून वाचायला लागले. ह्यांचं नाव सापडलं. मग बारीक बारीक शब्दांची गर्दी, काही ओळखीचे, बरेच परके. आणि तिसऱ्या ओळीत तो दिसला. आर, ई, व्ही. रिव्हर्ट. शंभरदा पाहिलेला, अंधारातही ओळखला असता.

सगळं संपलं म्हटलं. ईट, परंडा, पोरीचं मुंडावळ्या बांधलेलं तोंड, सगळं डोळ्यापुढनं गेलं. रडूही फुटेना. कागद खाली ठेवणार, तेवढ्यात बोट जरा मागं सरकलं. रिव्हर्टच्या अलीकडं एक 'बी' होता आणि त्याच्याही अलीकडं तीन अक्षरांचा एक चिटुकला शब्द.

एन. ओ. टी.

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. नॉट. नॉट म्हणजे नाही. चुलीपुढं शिकलेला पहिला शब्द, ज्याला मी अपशकुनी म्हणाले होते!

दाराला कडी न घालता मी निघाले. लग्न होऊन आल्यापासून देऊळ आणि नातेवाइकांची घरं सोडून मी एकटी कुठं गेले नव्हते. पदर सावरत, धापा टाकत शाळेत पोचले. वर्गात वसंतराव मास्तर शिकवत होते. मी खिडकीशी उभी राहून कागद आत धरला. "मास्तर, माफ करा. प्रेमे, हे वाच. मी काय वाचलं ते सांगत नाही. तू वाच आणि माझं बरोबर आहे का ते सांग."

ती घाबरत घाबरत आली, कागद घेतला. ओळीवरून तिचे डोळे सरकताना मी तिचं तोंड बघत होते. "आई," म्हणाली, "नाना पास झाले. त्यांना रिव्हर्ट करणार नाहीत. जागा कायम." मग कागदावरून मान वर केली. "तू हे वाचलंस? एकटीनं?"

"व्हय. एकटीनं."

भर वर्गात पोरीनं मला मिठी मारली. पन्नास पोरं बघत होती, बघू देत. मी रडले, ती रडली, आणि वसंतराव मास्तर फळा पुसायला लागले, फळ्यावर काही नसताना.

संध्याकाळी हे आले. मी कागद हातात दिला नाही, वाचून दाखवला. अडखळत वाचला, चार ठिकाणी चुकले, पण नॉट असा ठणकावून म्हटला की शेजारून अण्णा विचारायला आले. त्यांनी ऐकलं, कागद स्वतः हातात धरून बघितला. मग म्हणाले, "परंड्याला कळवतो. पोरगी शिकतेय म्हणून." एवढं म्हणून गेले. त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ.

त्या रात्री मी ट्रंक उघडली. तळाशी चौथीचं पुस्तक होतं, कडा कुरतडलेल्या, पण पानं शाबूत. दिव्याशी बसले आणि राहिलेल्या पाच धड्यांतला पहिला उघडला. हे कॉटवर पडून माझ्याकडं बघत होते. "आता हे कशाला? इंग्रजी वाचणाऱ्या बाईला मराठी चौथीचं काय कौतुक?"

"जिथं सुटलं तिथूनच धरायचं असतं," मी म्हणाले. संक्रांतीपर्यंत पाचही धडे झाले. प्रेमलानं माझी परीक्षा घेतली, कडक घेतली, दोन चुका काढल्या आणि पास केलं.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीला निघाले. दारात टोपी घालत नेहमीसारखं म्हणाले, "येतो."

"या," मी म्हणाले. "आणि येताना पाचवीचं पुस्तक घेऊन या."